मुंबईची नगररचना : हवा, प्रकाश आणि मनःस्वास्थ्य

1896 साली मुंबईच्या मांडवी विभागात प्लेगची साथ उद्भवली आणि तिच्यातून 1898 साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही संस्था जन्मास आली. दाट वस्तीतील कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, अशी तत्कालीन अधिकाऱ्यांची धारणा असल्याने जुनी घरे पाडून रुंद रस्ते काढणे हा उपाय ठरला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ह्या धारणेस गणिती रूप दिले. समोरच्या इमारतीचा माथा 63½ अंशांच्या रेषेखाली राहावा, म्हणजेच दोन इमारतींतील अंतर उंचीच्या निम्मे तरी असावे, असा त्यांचा आग्रह होता.

ह्या धारणेचा वैद्यकीय आधार मात्र लवकरच ढासळला. प्लेग पिसवांमार्फत पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्येच प्रतिपादिले होते. 1905 नंतर हिंदुस्थानात झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. तथापि कारण चुकले म्हणून गरज खोटी ठरत नाही. ‘हवेशीर’ ह्या मराठी शब्दात शरीराच्या आरोग्याइतकाच चित्ताच्या मोकळेपणाचाही भाव आहे, आणि ट्रस्टच्या गणितात नेमका तोच सामावला नव्हता.

तो भाव पॅट्रिक गेडिस यांनी ओळखला. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होण्यापूर्वीच त्यांनी तंजावर, मदुरा इत्यादी नगरांची पाहणी केली होती. सरसकट पाडापाडीने उठवलेले लोक अन्यत्र दाटी करतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होय. मोजकी पडकी घरे काढून गल्लीतच लहान चौक मोकळे करावेत व तेथे झाडे लावावीत, हा त्यांचा पर्याय होता.

मुंबईत घडले ते निराळेच. दादर-माटुंगा येथे उद्यानांसह मध्यमवर्गीय वसाहती उभ्या राहिल्या. तर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे 1920 नंतर कामगारांसाठी 207 चाळी बांधल्या गेल्या. त्यांत प्रत्येक कुटुंबाच्या वाट्यास एकच खोली आली.

1984 साली रॉजर उलरिख यांनी पेन्सिल्वेनियातील एका रुग्णालयातील 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली व ते लवकर घरी गेले. ह्या प्रकाशात पाहता मुंबईच्या त्या वाटपाचा अर्थ अधिक गंभीर होतो. मोकळी जागा हितकर आहे काय, हा प्रश्न आता गौण आहे. ती कोणास दिली गेली व कोणास नाकारली गेली, हाच इतिहासाचा खरा प्रश्न आहे.