पियानोनं कूस बदलली

पियानोची मैफल असली की जाणकार मंडळी तिकिटं काढताना डावीकडच्या खुर्च्या मागतात. मुंबईत एनसीपीएला जायला लागल्यावर मीही मागायला शिकलो. डावीकडून बोटं दिसतात. उजवीकडे बसलं तर काळंभोर लाकूड आणि त्यावरून अधूनमधून डोकावणारं एक डोकं, एवढंच वाट्याला येतं. हे इतकं अंगवळणी पडलं, की मुळात पियानो आडवा का ठेवतात हे विचारायचं सुचायलाच दहाएक वर्षं गेली.

वाजवणाऱ्यानं श्रोत्यांकडे काय करायचं याची तीनच उत्तरं आहेत: तोंड, पाठ किंवा कूस. आपल्या बैठकीत पेटीवाला तोंड करून बसतो. त्याचा चेहरा दिसतो, बोटं मात्र भात्याआड. संगीत नाटकातला ऑर्गनवाला रंगमंचापुढे, नटाकडे डोळे लावून बसायचा. प्रेक्षकांच्या वाट्याला बहुधा त्याची पाठच. कूस करून बसतो तो पियानोवाला. उजवा गाल लोकांकडे, नजर विंगेकडे. जगाच्या पाठीवर कुठल्याही सभागृहात जा, हेच. इतकी सार्वत्रिक रीत आहे म्हणजे तिला कुणीतरी जन्म दिलेला असणार. तो माणूस मला सापडला तो त्याला शोधताना नव्हे, भलतंच काही ऐकताना.

एका मित्राकडून उसनी आणलेली सीडी होती. आंद्रेआस श्टायर जुन्या घडणीच्या पियानोवर, साथीला ‘कॉन्चेर्टो क्योल्न’ हा वाद्यवृंद. जी मायनरमधला एक कॉन्चेर्टो सुरू झाला. आधी वाद्यवृंद बराच वेळ आभाळ भरून आणतो, मग पियानो एकटा आत येतो आणि दोन मिनिटांत बोटांचा असा काही पाऊस पडतो, की मी हातातला चहा खाली ठेवला. बीथोवन? पण बीथोवनचे पाचही कॉन्चेर्टो ओळखीचे होते. वेष्टनावर नाव होतं यान लादिस्लाव दुसेक. हा कॉन्चेर्टो, ओपस 49, छापून आला 1801 साली. बीथोवनचा सी मायनर कॉन्चेर्टो रंगमंचावर वाजला तो 1803 साली, म्हणजे त्यानंतर दोन वर्षांनी. असं वाजवणारा आणि लिहिणारा माणूस आपल्याला नावानंही ठाऊक नाही, याची लाज वाटली आणि मी त्याच्या मागे लागलो.

नावापासूनच घोटाळा. दुसेक, दुसीक, दुशिक, दुशेक, जो तो आपापल्या परीनं लिहितो. त्यात प्राग शहरात फ्रांतिशेक दुशेक नावाचा आणखी एक पियानोवादक होऊन गेला. मोझार्ट 1787 साली प्रागला ज्याच्या बेर्त्राम्का बंगल्यात राहिला, तो हा. दोघांची गल्लत आजही होते. आपला दुसेक बोहेमियातल्या चास्लाव गावच्या ऑर्गनवाल्याचा मुलगा, जन्म 1760. युरोपभर वाजवत फिरला, पॅरिसमध्ये मारी आंत्वानेतच्या मर्जीतला झाला, 1789 ची क्रांती होताच लंडनला पळाला. तिथं दहा वर्षं काढली, सासऱ्याबरोबर संगीत छापायचा धंदा काढला, तो बुडाला, आणि सासरेबुवांना कर्जापायी तुरुंगात सोडून जावई जर्मनीला पसार. पुढे प्रशियाचा राजपुत्र लुई फर्डिनांड याच्या पदरी राहिला. राजपुत्र 1806 साली झालफेल्डच्या लढाईत पडला. शेवटी पॅरिसला तालेराँच्या आश्रयाला, आणि 1812 साली मृत्यू. कादंबरीला पुरेल एवढा ऐवज आहे, पण मला अडकवलं ते एका शेऱ्यानं.

शेरा वात्स्लाव तोमाशेकचा. हा प्रागचा संगीतकार, दुसेकहून चौदा वर्षांनी धाकटा. म्हातारपणी, 1845 च्या सुमारास, त्यानं आठवणी छापल्या. 1800 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दुसेक मायदेशी आला, प्रागला वाजवलं, आणि पियानो रंगमंचावर आडवा ठेवणारा पहिला वादक तोच, असं तोमाशेक सांगतो. पुढे चिमटाही काढतो: आता सगळेच पियानोवीर तसे बसतात, मग बाजूनं बघण्याजोगा चेहरा असो वा नसो! पॅरिसमध्ये दुसेकला ‘देखणा दुसेक’ म्हणत. तेव्हा गोष्ट जुळलीच. देखण्या माणसाला नाकडोळे दाखवायचे होते, त्यानं पियानो फिरवला, जग त्याच्यामागे फिरलं. संगीताच्या पुस्तकांतून ही गोष्ट पावणेदोनशे वर्षं अशीच सांगितली जाते.

मला ती पटत नाही. एक तर आठवण चाळीस वर्षांनी लिहिलेली, आणि तीही मिरवणाऱ्या वादकांवर खार खाणाऱ्या माणसानं. याच तोमाशेकनं दुसेकच्या दहा बोटांना दहा गवयांची उपमा देऊन तोंडभर कौतुक केलंय, म्हणजे त्यानं पाहिलं ते खरंच. पण त्यानं पहिल्यांदा पाहिलं म्हणजे ते पहिल्यांदा घडलं, असं कसं म्हणावं? लंडनमध्ये दहा वर्षं तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे वाजवणारा माणूस ही युक्ती चाळिशी उलटल्यावर प्रागला जाऊन शोधेल होय? पियानोनं कूस बदलली ती लंडनमध्ये, 1790 नंतरच्या दशकात, हे मी पैजेवर सांगतो. आणि चेहऱ्यासाठी तर मुळीच नाही. चेहराच दाखवायचा तर तोंड समोर करावं की!

मग कशासाठी? जाणकारांना विचारा, ते झाकण दाखवतील. ग्रँड पियानोच्या झाकणाची बिजागरी डाव्या, सरळ बाजूला असते. झाकण उघडतं उजवीकडे. उजवी बाजू लोकांकडे केली की आवाज झाकणावर आपटून थेट सभागृहात. शास्त्र पक्कं आहे. पण बिजागरी तिथं पियानोवाल्यांनी बसवलीच नव्हती. ती हार्पसिकॉर्डकडून वारशानं आली. अँटवर्पच्या रुकर्स घराण्याचे हार्पसिकॉर्ड पाहा: तीन बाजू रंगवून सजवलेल्या, चौथी लांब सरळ बाजू कोरीच. कारण ती भिंतीला लागायची. घरात वाद्य भिंतीशी लावलं की वाजवणारा आपोआप दिवाणखान्याकडे कूस करून बसतो. म्हणजे आडवं बसणं घरात दीडशे वर्षं चालूच होतं आणि झाकणही तेव्हापासून तसंच उघडत होतं. झाकणच कारण असतं तर मोठ्या सभांमधून पियानो केव्हाच आडवा झाला असता. तिथं झाकण सरळ काढून ठेवत, पियानोची शेपटी वाद्यवृंदात खुपसत, आणि वादक मधोमध.

तिसरा पक्ष म्हणतो, वादक मधोमध बसे कारण वाद्यवृंदाला हात करायचं कामही त्याचंच. व्हिएन्नात मोझार्ट तसाच बसे. लंडनमध्ये मात्र वृंदाची सूत्रं पहिल्या व्हायोलिनवाल्याकडे. तिथं पियानोवाला मोकळा झाला आणि फिरला. हे बरोबर आहे, पण एवढ्यानं फिरायची मुभा कळते. दावं सुटलेलं गुरू कुठल्याही दिशेला जाईल. ते नेमकं याच दिशेला का गेलं?

आता माझं म्हणणं. ते मला सापडलं 11 मार्च 1791 या तारखेत. लंडनच्या हॅनोव्हर स्क्वेअर रूम्समध्ये त्या रात्री सालोमननं भरवलेली मैफलींची प्रसिद्ध मालिका सुरू झाली. मालिकेचं आकर्षण होता हायडन. इतिहासाची पुस्तकं त्याच्या सिंफनीबद्दल लिहितात आणि पुढे जातात. पण त्याच रात्रीच्या कार्यक्रमात एक जोडरचना होती: हार्पवर मादाम क्रुम्फोल्ट्झ, पियानोवर दुसेक, रचना दुसेकचीच.

हार्प कसा बसून वाजवतात ते डोळ्यांपुढे आणा. वाद्य उजव्या खांद्यावर रेललेलं, तारांचा पडदा वादकाच्या समोर सरळ रेषेत गेलेला. हार्पवाली लोकांकडे तोंड करून बसली तर तारा एका रेषेत गोळा होतात आणि पुढचा खांब चेहऱ्यावर येतो. तिला कूस करूनच बसावं लागतं. मग तारा पसरतात, दोन्ही हात दिसतात, आणि बाजूनं दिसणारी ती आकृती पाहायला अठराव्या शतकातलं पॅरिस जीव टाकत असे. मारी आंत्वानेत स्वतः हार्प वाजवायची. दुसेकचं पॅरिस हे असं होतं. लंडनला आल्यावर 1792 साली त्यानं लग्न केलं ते सोफिया कोरीशी, तीही गायिका आणि हार्पवादक. (हार्पचे विद्यार्थी आजही वाजवतात ती सी मायनर सोनाटा कितीतरी वर्षं नवऱ्याच्या नावावर खपली, आता ती सोफियाची मानतात.) दुसेकचे काही कॉन्चेर्टो तर ‘हार्प किंवा पियानो’ म्हणूनच छापले गेले. तेच सूर, वाद्य तुमच्या पसंतीचं.

तेव्हा माझा सिद्धान्त असा: पियानोवाल्याची बैठक हार्पवालीकडून आली. रात्रीमागून रात्र शेजारच्या वाद्यावर लोकांच्या नजरा हातांवर खिळलेल्या पाहायच्या, आणि आपल्या बोटांचं कसब मात्र पियानोच्या धुडाआड वाया जायचं, हे कोणता वादक सहन करील? शिवाय दोघांना एकमेकांचे इशारे दिसायला हवेत. हार्प आडवा, म्हणून पियानोही आडवा, तिच्या समोर. नाहीतरी पियानोचं झाकण उघडून आत पाहिलं की दिसतो तो आडवा निजवलेला हार्पच.

याला एक भक्कम पुरावा पियानोच्याच पट्ट्यांत आहे. तेव्हाचा पियानो पाच सप्तकांचा. लंडनचा कारखानदार जॉन ब्रॉडवुड 1793 च्या एका पत्रात लिहितो, की वरच्या बाजूला जास्तीचं अर्धं सप्तक आम्ही गेली तीन वर्षं जोडतोय आणि पहिला तसा पियानो केला तो दुसेकच्या समाधानासाठी. पुढच्याच वर्षी खालचेही सूर वाढून पियानो सहा सप्तकांचा झाला. दुसेकच्या कॉन्चेर्टोंच्या मुखपृष्ठांवर ‘जादा पट्ट्यांसह’ अशी जाहिरातच असे. आता हिशेब करा. पियानोवाला उजवी कूस लोकांकडे करून बसला, तर पट्ट्यांचं कुठलं टोक लोकांच्या सर्वांत जवळ येतं? वरच्या सुरांचं. म्हणजे हट्टानं मागून घेतलेल्या नव्या पट्ट्या नेमक्या पहिल्या रांगेच्या पुढ्यात! उजवा हात सरसर चढत त्या नव्या टोकाला पोचतो, तेव्हा तो लोकांकडेच धावत येत असतो. जी मायनर कॉन्चेर्टोतल्या त्या पावसाच्या सरी मी आता अशाच ‘बघतो’. देखणा होता तो त्याचा उजवा हात. गाल आपसूक दिसला.

पुढचा इतिहास थोडक्यात. ‘रिसायटल’ हा शब्द पियानोच्या मैफलीला चिकटला तो लिस्टच्या 1840 मधल्या लंडनच्या कार्यक्रमांपासून, आणि गंमत म्हणजे त्याच हॅनोव्हर स्क्वेअरमध्ये. 1842 साली सेंट पीटर्सबर्गला त्यानं सभागृहाच्या मधोमध दोन पियानो उलटसुलट ठेवले आणि आलटून पालटून वाजवले, म्हणजे कुठल्याच बाजूची तक्रार नको. तोवर आडव्या बैठकीला कुणी नवल म्हणेनासं झालं होतं. रीत राहिली, माणूस गेला. त्याचे पंधराहून जास्त कॉन्चेर्टो अनेक शहरांतल्या अनेक प्रकाशकांकडे विखुरलेले. एकाच रचनेला इथं एक ओपस क्रमांक तर तिथं दुसरा. हॉवर्ड क्रॉ या अमेरिकन अभ्यासकानं 1964 साली बसून सगळ्याची यादी लावली, तेव्हा कुठे पसारा आवरला. आता हॉवर्ड शेली यांनी अल्स्टर ऑर्केस्ट्राबरोबर ओपस 29 आणि ओपस 70 ध्वनिमुद्रित केलेत. 70 वा आधी ऐका. तो 1810 चा आहे. गाऊटनं जर्जर, अंगानं सुटलेला, देखणेपण मागे पडलेला दुसेक त्यात विशीतल्यासारखा धावतो.

माझ्या सिद्धान्तावर हसणारे भेटतात. त्यांना मी दोन पियानोंच्या मैफलीला घेऊन जातो. (दोन पियानोंसाठी कॉन्चेर्टो दुसेकनंही लिहिलाय, ओपस 63.) तिथं दुसरा पियानो पहिल्याच्या बाकात बाक घालून उलटा ठेवतात, म्हणजे दोन्ही वादक एकमेकांच्या नजरेत. पण त्यामुळे दुसऱ्याचं झाकण उघडतं मागच्या भिंतीकडे, म्हणून बहुधा ते काढूनच टाकतात. आवाजासाठीच पियानो आडवा झाला असता, तर अख्खं झाकण कुणी खुशाल विंगेत नेऊन उभं केलं असतं का? दोन माणसं समोरासमोर, हात लोकांपुढे उघडे, ही बैठक झाकणाहून जिद्दीची आहे. अशा रात्री मी उजवीकडचं तिकीट काढतो. दुसऱ्या पियानोवाल्याचे हात तिथून दिसतात, आणि तो बसलेला असतो ती मादाम क्रुम्फोल्ट्झची जागा.