घर विकलं जाईपर्यंत घरात राहावं का?

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, पण रिलीजच्या गडबडीत राहूनच जात होतं. आज शनिवार, बाहेर पाऊस, चहाचा दुसरा कप, आणि प्रॉडक्शनवाल्यांचा अजून तरी फोन नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

विषय कामातूनच निघाला. आमची पुण्यातली टीम अमेरिकेतल्या गृहकर्जांचा हिशेब ठेवणाऱ्या एका सॉफ्टवेअरवर काम करते. (क्लायंट कोण ते विचारू नका, सांगणार नाही.) त्यात प्रत्येक कर्जाच्या स्क्रीनवर एक छोटासा ड्रॉपडाऊन आहे: घरात मालक राहतो, भाडेकरू राहतो, की घर रिकामं आहे. मागच्या महिन्यात माझ्याकडे एक बग आला. शॉर्ट सेलची केस उघडली की हा ड्रॉपडाऊन आपोआप 'रिकामं'वर जायचा. टेस्टरने प्रायॉरिटी 'लो' लावली होती. मी ती 'हाय' केली. लीड म्हणाला, "अगं, एका ड्रॉपडाऊनसाठी एवढं काय?"

एवढं काय, ते सांगायलाच हा लेख.

आधी शॉर्ट सेल म्हणजे काय ते बघू. शेअरबाजारातल्या शॉर्ट सेलिंगशी याचा काही संबंध नाही. समजा घरावर ३ लाख डॉलर कर्ज बाकी आहे आणि बाजारात घराला दीड लाखच मिळताहेत. मालक बँकेला म्हणतो, दीड लाखाला विकू द्या, तेवढे पैसे घ्या आणि गहाण सोडवा. बँक 'हो' म्हणाली तर तो शॉर्ट सेल. हे 'हो' यायला २००९-१० च्या सुमारास महिनोन् महिने लागत. कागद फॅक्स करा, ते हरवले म्हणून पुन्हा फॅक्स करा, मग पगाराच्या स्लिपा जुन्या झाल्या म्हणून नव्या पाठवा... आणि या सगळ्या काळात खरा प्रश्न एकच. आपण राहायचं कुठे? त्याच घरात, की बाहेर पडून भाड्याच्या जागेत?

माझ्या मावसभावाने याचं उत्तर चुकवलं. दादाने २००६ मध्ये ॲरिझोनात, फिनिक्सच्या उपनगरात घर घेतलं होतं. फिनिक्समध्ये त्यानंतरच्या पाचेक वर्षांत घरांच्या किमती निम्म्याहून खाली गेल्या. २००९ मध्ये त्याचं प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीने त्याला डॅलसला पाठवलं. घर विकून कर्ज फिटणार नव्हतंच, म्हणून शॉर्ट सेलला अर्ज केला. वहिनीचं म्हणणं होतं, तू पुढे जा, मी आणि पिल्लू घर विकलं जाईपर्यंत इथेच राहतो. दादाला ते नको होतं. गल्लीत सगळ्यांना कळलंय, मंडळात कळलंय, गणपतीला लोक विचारतील, कशाला ती शोभा? शेवटी सगळेच डॅलसला गेले. मी तेव्हा सहावी-सातवीत होते. मावशी फोनवर हळू आवाजात बोलायची, एवढंच मला आठवतं.

पुढचं दादाकडूनच ऐकलं. घर दोन महिने बंद. ऐन उन्हाळ्यात कोणीतरी बाहेरचं एसीचं युनिट तांब्याच्या नळ्यांसकट उचकटून नेलं. त्या काळात रिकाम्या घरांमधून तांबं चोरणं हा तिथे धंदाच झाला होता. विमा कंपनी म्हणाली, घर इतके दिवस रिकामं असेल तर चोरीची भरपाई नाही. (अशी अट तिथल्या बहुतेक पॉलिसींमध्ये असते, साधारण ३० किंवा ६० दिवसांची. कोण वाचतं?) ज्या गिऱ्हाइकाने ऑफर दिली होती त्याने ती मागे घेतली. बँकेने कमी किमतीच्या नव्या ऑफरसाठी सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. आणि बँकेचा एक विभाग शॉर्ट सेलचे कागद तपासत असतानाच दुसऱ्या विभागाने घर लिलावात काढलं! ॲरिझोनात यासाठी कोर्टात जावं लागत नाही, नोटीस लावल्यापासून ९० दिवसांनी विक्री करता येते. हे असं दोन रुळांवरून गाडी चालवणं तेव्हा सर्रास चाले. मोठ्या पाच बँकांशी २०१२ मध्ये झालेला २५ अब्ज डॉलरचा समझोता आणि नंतर जानेवारी २०१४ पासूनचे केंद्रीय नियम, यांनी त्याला बराच लगाम बसला.

आता गंमत बघा. ॲरिझोनातल्या कायद्याप्रमाणे राहत्या घराच्या खरेदीचं कर्ज असेल आणि घर असं लिलावात गेलं, तर उरलेल्या रकमेसाठी बँक सहसा तुमच्या मागे लागू शकत नाही. पण शॉर्ट सेलमध्ये ही सूट आपोआप मिळत नाही, बँकेकडून उरलेलं कर्ज सोडल्याचं लेखी घ्यावं लागतं. म्हणजे 'सभ्यपणे' घर विकणाऱ्याला धोका जास्त! कॅलिफोर्नियाने २०१० आणि २०११ मध्ये कायदे करून शॉर्ट सेलनंतरची ही वसुली बंद केली. दादाचं घर लिलावात गेलं म्हणून तो त्या बाबतीत सुटला, पण केवळ नशिबाने.

आता थोडं मागे, १९३३ मध्ये जाऊ. इतिहास मला शाळेत कधीच आवडला नाही, पण या बगपायी मी दोन वीकेंड यातच घालवले.

महामंदीच्या त्या काळात अमेरिकेत रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येत होती. तेव्हाची गृहकर्जंही आजच्यासारखी ३० वर्षांची नसत. तीन ते पाच वर्षांची मुदत, तोवर बरेचदा नुसतं व्याज, आणि शेवटी मुद्दल एकदम. मुदत संपली की नवं कर्ज काढायचं. १९३० नंतर नवं कर्ज द्यायला बँकाच उरल्या नाहीत. आयोवात शेतकरी इतके पेटले की एप्रिल १९३३ मध्ये ल मार्स या गावी त्यांनी चार्ल्स ब्रॅडली नावाच्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर काढलं आणि गळ्यात दोर घातला. का? तर जप्तीच्या हुकमांवर यापुढे सही करणार नाही अशी शपथ तो घेईना. तो वाचला, पण राज्यातल्या काही भागांत मार्शल लॉ लागला. इतर ठिकाणी शेजारी लिलावाला जमून एक-एक सेंटची बोली लावायचे आणि घेतलेली वस्तू मूळ मालकालाच परत द्यायचे. बाहेरचा कोणी जास्त बोलू लागला तर त्याच्याकडे नुसतं बघायचे. पुरायचं तेवढं!

याच सुमारास मिनेसोटाने एक कायदा केला, आणि मला वाटतं की आमच्या ड्रॉपडाऊनचं उत्तर त्यातच आहे. मिनिॲपोलिसला ब्लेसडेल नावाचं एक जोडपं होतं. त्यांचं १४ खोल्यांचं घर होतं. त्यातला काही भाग स्वतःकडे आणि उरलेला भाड्याने द्यायला. कर्ज थकलं, मे १९३२ मध्ये लिलाव झाला आणि कर्ज देणाऱ्या संस्थेनेच घर सुमारे ३,७०० डॉलरला घेतलं. तिथल्या नियमाने लिलावानंतर एक वर्षाच्या आत पैसे भरून घर सोडवता येई. १९३३ च्या कायद्याने कोर्टाला ही मुदत मे १९३५ पर्यंत वाढवायचा अधिकार दिला. पण फुकट नाही! तोवर घरात राहा, पण वाजवी भाडं भरा. ब्लेसडेल यांना कोर्टाने महिना ४० डॉलर लावले. त्यातून घराचा कर, विमा आणि व्याज जायचं. संस्था सुप्रीम कोर्टात गेली: हा आमच्या कराराचा भंग आहे. जानेवारी १९३४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी कोर्टाने कायदा उचलून धरला.

त्या चौघांचं म्हणणंही अगदी टाकाऊ नव्हतं. सरकार उठून ठरलेल्या कराराची मुदत बदलायला लागलं तर उद्या कर्ज देणार कोण? पण व्यवहाराने बघा. संस्थेला भाडं मिळालं, घर नांदतं राहिलं, जोडप्याला वेळ मिळाला. त्या मंदीत संस्थेने ते घर रिकामं करून विकलं तरी कोणाला असतं?

केंद्र सरकारनेही १९३३ मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढून सुमारे १० लाख कर्जं स्वतःकडे घेतली आणि ती १५ वर्षांच्या हप्त्यांत बसवली. त्यातल्याही जवळपास दर पाचांपैकी एकाचं घर गेलंच. (याच संस्थेने शहरांचे लाल-हिरवे नकाशे काढले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात. तो विषय वेगळ्या लेखाचा आहे.)

२००७ नंतर हे सगळं कोणाला आठवलंच नाही असं नाही. अर्थतज्ज्ञ डीन बेकर यांनी २००७ मध्येच सुचवलं होतं की घर गेलेल्या माणसाला बाजारभावाने भाडं भरून तिथेच राहू द्या. दादाच्याच राज्यातल्या राउल ग्रिहाल्वा यांनी तशी विधेयकं काँग्रेसमध्ये आणली, ती पुढे सरकली नाहीत. जानेवारी २००९ मध्ये ओहायोच्या मार्सी कॅप्टर यांनी तर थेट सभागृहात उभं राहून लोकांना सांगितलं, घर सोडू नका, आधी बँकेला मूळ कागद दाखवायला लावा. वेडेपणा वाटतो ना? पण त्याआधी २००७ मध्ये ओहायोतल्याच एका केंद्रीय न्यायाधीशाने १४ केसेस फेटाळल्या होत्या, कारण दावा लावणाऱ्या बँकेला ती कर्जं आपली आहेत हेच दाखवता आलं नव्हतं. २०१० मध्ये तर न वाचता हजारो प्रतिज्ञापत्रांवर सह्या ठोकणारी माणसं उघडकीला आली.

एप्रिल २०१० मध्ये सरकारने शॉर्ट सेलसाठी 'हाफा' नावाची योजना आणली. तिच्यात उरलेलं कर्ज बँकेने सोडायचं अशी अट होती, आणि घर सोडणाऱ्याला सामान हलवायला ३,००० डॉलर. ते घर मालकाचं मुख्य राहतं घर असणं ही सुरुवातीची एक अट! म्हणजे लाजेपायी लवकर निघून गेलेला माणूस त्यातही मागे.

तर मग राहावं का? माझं मत: हो, व्यवहार पुरा होईपर्यंत राहावं. तोवर घर कायद्याने तुमचंच असतं, आणि कर, सोसायटीची वर्गणी, अंगणातलं गवत हेही तुमच्याच माथी. मग निदान दुसरीकडचं भाडं तरी वाचवा. माणूस राहता असेल तर घराला बरी किंमत येते, त्यात बँकेचाही फायदाच. पण जमेल तेवढं भरत राहावं. फुकट राहण्याचं समर्थन मला जमत नाही, ब्लेसडेलही भरतच होते. आणि विक्रीनंतर मात्र निघावंच लागतं. नव्या मालकाशी आतून ठरवून तिथेच भाड्याने राहायचं नाही, असं दोन्ही बाजूंकडून लिहून घेतात. ही अट मला निव्वळ सूड वाटते. बॉस्टनमध्ये एक संस्था २००९ पासून अशी घरं पडत्या भावाने घेऊन मूळ मालकालाच परत विकत होती आणि ते चाललंही.

मागच्या आठवड्यात वहिनीला फोन केला. म्हटलं, खरंच राहिली असतीस का गं एकटी? ती म्हणाली, "अगं, शाळेची बस दारासमोर यायची. पिल्लूला वर्ष तरी पुरं करता आलं असतं." दादा मागून काहीतरी बोलला, नीट ऐकू आलं नाही. ते दोघं अजून या विषयावर फार बोलत नाहीत.

असो. आमच्या सिस्टिममध्ये 'रिकामं' लागलं की दुसऱ्या दिवशी एक काम आपोआप तयार होतं: कंत्राटदाराला पाठवा, कुलूप बदला. त्या काळात घरात माणसं राहत असताना कुलपं बदलल्याच्या कितीतरी केसेस कोर्टात गेल्या. लीडला हे दाखवलं, तो दोन मिनिटं काही बोलला नाही. फिक्स सोमवारच्या रिलीजमध्ये जातोय.