नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहत

महाराष्ट्रातील तिबेटी निर्वासितांची शेतीप्रधान वसाहत. स्थापना १९७२. तत्कालीन भंडारा जिल्ह्यात इटियाडोह धरणाजवळ, गोठणगाव–प्रतापगड परिसरात ती वसवण्यात आली. १९९९ मध्ये भंडाऱ्याचे विभाजन झाल्याने ती आता गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात मोडते. तिबेटी लोक मात्र तिला अजूनही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात.

१९५९ मध्ये दलाई लामा भारतात आल्यावर केंद्र सरकारने राज्यांकडे निर्वासितांसाठी जमिनी मागितल्या. म्हैसूर राज्यात बैलकुप्पे येथे पहिली मोठी वसाहत झाली. महाराष्ट्राने पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्यात जागा दिली. थंड पठारावरून आलेल्या माणसांना येथे धानाची शेती करावी लागली. हिवाळ्यात अनेक कुटुंबे शहरोशहरी स्वेटर विकायला जातात.

शासनाने आश्रय दिला, पण त्यासोबत नागरिकत्व दिले नाही. बहुतेकांना परदेशी नागरिक म्हणून नोंदणी प्रमाणपत्राचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने नागरिक ठरतात. २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने त्यांची मतदारनोंदणी करण्याचे निर्देश दिले. त्याच वर्षीच्या केंद्रीय तिबेटी पुनर्वसन धोरणात वसाहतींच्या जमिनींसाठी भाडेपट्टा आणि रेशन, रोजगार हमी यांसारख्या योजनांचा लाभ देण्याची तरतूद आहे.

 या वसाहतीचा अनुभव मोलाचा आहे : आश्रयाला जमीन आणि रोजगाराची जोड मिळाली, तर परका समाज पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहू शकतो.