फुलाचे नाव आणि दंशाचे नाव : घरगुती सागरी मत्स्यालयाच्या इतिहासातील एक प्रकरण

ज्या सागरी प्राण्याला मराठीत समुद्रपुष्प म्हणतात, त्यासाठी ॲरिस्टॉटलच्या ग्रीक भाषेत 'अकालेफे' आणि 'क्नीडे' असे दोन शब्द होते. दोहोंचाही मूळ अर्थ एकच : स्पर्श होताच अंगाची आग करणारी नेटल ही वनस्पती. आपल्याकडील खाजकुइली वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निराळी असली, तरी नामकरणामागील अनुभव त्याच जातीचा होय. लॅटिनमधील 'उर्तिका' व फ्रेंचमधील 'ओर्ती द मेर' ही नावेही याच अर्थाची आहेत. हा प्राणी हाताने धरणाऱ्यांनी त्याला हाताच्या अनुभवावरून नाव दिले होते.

फुलाची उपमा रूढ झाली ती या प्राण्यांकडे काचेतून पाहणे सुरू झाल्यावर. १७०६ मध्ये इटालियन निसर्गाभ्यासक मार्सिली याने ताजे पोवळे समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचपात्रात ठेवले. त्यावर आठ पाकळ्यांची शुभ्र 'फुले' उमललेली दिसताच, पोवळे ही वनस्पती आहे हे सिद्ध झाले, असे त्याने जाहीर केले. मार्सेयचा वैद्य पेसोनेल याने पुढे हीच 'फुले' तपासली आणि ती लहानशा समुद्री 'ओर्ती'सारखे प्राणी आहेत असे १७२६ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळविले. रेओम्यूर या थोर शास्त्रज्ञाला ते इतके विपरीत वाटले की, लेखकाची अब्रू राखण्यासाठी त्याने ते त्याचे नाव न घेता सभेपुढे मांडले. येथे वाद वनस्पती की प्राणी एवढाच नव्हता. फूल आणि दंश या दोन उपमांपैकी कोणती वस्तूशी प्रामाणिक, हाही प्रश्न त्यात होता. पेसोनेलचा पक्ष खरा ठरला, परंतु लोकभाषेत विजय मार्सिलीच्या फुलाचा झाला. इंग्रजीत 'सी ॲनिमोन' हे नाव स्थिरावले. ॲनिमोन हे एका बागेतील फुलाचे नाव आहे.

इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरील कर रद्द झाला. पुढच्याच वर्षी ॲना थाइन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून पोवळ्याचे जिवंत प्राणी लंडनला आणले. पाणी ताजे राहावे म्हणून त्यांची मोलकरीण ते उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतीत असे. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस याचे 'द अक्वेरियम' हे पुस्तक आले. रोमन लोकांत 'अक्वेरियम' म्हणजे गुरांना पाणी पाजण्याची जागा. तो शब्द दिवाणखान्यात आणून बसविण्याचे श्रेय मुख्यतः गॉसकडेच जाते. या काळातील मार्गदर्शनाचा भर एका विशिष्ट गोष्टीवर दिसतो. छिन्नी-हातोड्याने खडकाचा तुकडाच कसा काढावा, प्राण्याचा तळ फाटू न देता तो कसा सोडवावा, ही सारी काळजी फुलाची आहे, हाताची नव्हे. त्याला कारणही होते. ब्रिटिश किनाऱ्यावरील बहुतेक जाती तळहाताच्या जाड कातडीला नुसता चिकटपणा जाणवून देतात.

त्यातही गॉसची जिज्ञासा पुढे गेली. त्याने वस्तऱ्याने स्वतःच्याच निबर त्वचेचा पातळ काप काढून तो एका समुद्रपुष्पाच्या संस्पर्शकाला लावला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, गुंडाळून ठेवलेले दंशतंतू सुटून त्वचेत रुतलेले आढळले. ज्याला चिकटपणा समजत होते तो मोठ्या अंशी दंशच होता, फक्त वेदनेपर्यंत न पोचलेला. या दंशकुप्यांना गॉसने 'क्नीडी' म्हटले. दिवाणखान्यातील फुलाच्या पोटी ॲरिस्टॉटलचा शब्द अशा रीतीने परत आला.

या दंशाचे गांभीर्य मात्र पुढील शतकाच्या आरंभी उघड झाले. पोर्तिए आणि रिशे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ १९०१ मध्ये मोनॅकोच्या राजाच्या नौकेवर फायसेलिया या प्राण्याच्या विषाचा अभ्यास करीत होते. परतल्यावर फायसेलिया मिळेना, म्हणून त्यांनी साधी समुद्रपुष्पे घेतली. त्यांच्या अर्काची मात्रा सोसून बरा झालेला नेपच्यून नावाचा धडधाकट कुत्रा, बावीस दिवसांनी तीच मात्रा दिली असता पंचवीस मिनिटांत मेला. 'फिलॅक्सिस' म्हणजे रक्षण. त्याच्या उलट म्हणून त्यांनी १९०२ मध्ये 'ॲनाफिलॅक्सिस' हा शब्द घडविला. रिशेला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कार्यासाठी. अर्क टोचणे आणि टाकीत हात घालणे यांत महदंतर आहे हे खरे. तथापि 'मागे काही झाले नाही' हा मत्स्यालय बाळगणाऱ्याचा नेहमीचा युक्तिवाद त्या प्रयोगाने कायमचा लटका पाडला.

१९८० नंतर घरोघरच्या टाक्यांत उष्ण समुद्रातील जिवंत प्रवाळखडक येऊ लागले आणि त्यांबरोबर झोअँथिड हे चिमुकले, रंगीत, गुच्छाने वाढणारे प्राणी आले. व्यापारात त्यांना 'बटण पॉलिप' म्हणतात. हवाईच्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका डबक्यातील अशाच प्राण्याला तेथील लोक 'लिमू माके ओ हाना', म्हणजे हानाचे मारक शेवाळ, म्हणत व त्याने भाल्याची टोके माखीत. वर्गीकरण चुकीचे, पण इशारा अचूक! १९७१ मध्ये मूर व शॉयर यांनी त्यातून वेगळे केलेले पॅलिटॉक्सिन हे ज्ञात विषांपैकी अत्यंत तीव्र ठरले. सगळ्याच झोअँथिडांत ते असते असे नाही. परंतु नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. शिवाय त्याला दंशाची गरज नसते. हातावरचा लहानसा काप, डोळ्यात उडालेला थेंब किंवा खडक स्वच्छ करण्यासाठी उकळला असता उठणारी वाफ एवढे पुरते. अशा वाफेने घरातील सर्वजण रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत.

म्हणून आज सांगितले जाणारे नियम गॉसच्या काळाहून उलट दिशेचे आहेत. कोपरापर्यंतचे हातमोजे व चष्मा घालावा. खडक कधीही उकळू नये, त्यावर कढत पाण्याचा झोत मारू नये. प्राणी पाण्याखालीच चिमट्याने हलवावा. समुद्रपुष्पाचा दंश झालाच तर जागा चोळू नये, समुद्राच्याच पाण्याने धुवावी. गोड्या पाण्याने न फुटलेल्या कुप्या फुटण्याचा संभव असतो. धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

मराठी शास्त्रीय परिभाषेने या प्राणिसंघासाठी 'आंतरगुही' हा शब्द घेतला. तो १८४७ च्या 'सीलेंटेराटा' या संज्ञेचा अनुवाद असून त्यात पोकळ उदराचा निर्देश आहे. फूल नाही, तसा दंशही नाही. युरोपीय परिभाषा नंतर 'निडेरिया', म्हणजे पुन्हा 'क्नीडे'कडे, वळली. जर्मन तर बोलीभाषेतही 'नेसलटीरे', नेटलचे प्राणी, म्हणतात. मराठीत दंशकोशिका हा शब्द पाठ्यपुस्तकांत आहे. टाकीतल्या प्राण्याचे नाव अजून समुद्रपुष्पच आहे.