परतीचा दोर

‘परतीचे दोर कापून टाकणे’ हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १६७० साली सिंहगडावर तानाजी पडला, तेव्हा सूर्याजीने कड्यावरचे दोर कापले आणि माघार घेणारे मावळे उलटून लढले, ही परंपरेने आलेली कथा आमच्या मनात खोल मुरली आहे. त्यामुळे दोर म्हटला की आम्हांला धाडस आठवते, आणि धाडस म्हटले की मागे वळून न पाहणे आठवते. रणांगणापुरते ते खरेही असेल. परंतु दोराला लोंबकळून पोट भरणाऱ्या माणसांचा एक निराळा इतिहास आहे. त्याची बखर कोणी लिहिली नाही, त्यावर पोवाडाही कोणी रचला नाही. त्याची शिकवण मात्र नेमकी उलट आहे.

या इतिहासाचे पहिले ठळक पान अमेरिकेतले आहे. कोलोरॅडो नदीवरील हूव्हर धरणाचे काम १९३१ साली सुरू झाले. ७२६ फूट उंचीची ती भिंत दोन्ही बाजूंच्या कड्यांना भिडवायची, तर आधी कड्यांवरचा सैल खडक उतरवणे भाग होते. मंदीचे दिवस होते. कामासाठी आलेल्यांत खलाशी होते, सर्कशीतले कसरतपटू होते, अपाची जमातीचे लोकही होते. दोराला बांधलेल्या फळीवर बसून ते खडकात भोके पाडीत, सुरुंग ठासीत. एकदा एक अभियंता कड्याच्या माथ्यावरून घसरला. खाली लोंबकळणाऱ्या एका मजुराने झोका घेऊन त्याचा पाय पकडला, दुसऱ्याने येऊन त्याला कड्याशी दाबून धरले, आणि वरून दोर येईपर्यंत दोघांनी त्याला सोडले नाही. अशा माणसांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्याच धरणावर कामाच्या अपघातांत मेलेल्यांची अधिकृत संख्या ९६ आहे, हेही विसरून चालणार नाही. वरून पडणाऱ्या दगडांपासून डोके वाचवण्यासाठी त्या मजुरांनीच आपल्या कापडी टोप्या डांबरात बुडवून वाळवल्या होत्या. त्यांचा उपयोग दिसल्यावर मग कंत्राटदाराने टणक टोप्या मागवल्या. संरक्षणाची युक्ती आधी मजुराला सुचली, मालकाला मागाहून पटली!

दुसरे पान सॅन फ्रान्सिस्कोचे. गोल्डन गेट पुलाच्या बांधकामात, १९३३ ते १९३७ या काळात, मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने पुलाखाली दोरांचे प्रचंड जाळे टांगले. दहा लाख डॉलरांच्या कामामागे एक बळी जायचाच, असा त्या काळच्या पूलबांधणीत रूढ हिशेब होता. त्या जाळ्याने १९ माणसांचे प्राण वाचवले. मात्र १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची तुटून जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि १० माणसे समुद्रात मेली. एकच आधार कितीही भक्कम असला तरी तो एकच असतो, हा धडा त्या दिवसाने दिला.

त्या धड्याचे उत्तर हळूहळू घडत गेले, आणि त्याला लागणारी हत्यारे कारखान्यांबाहेर तयार झाली. दोरावर भार पडताच आवळणारी आणि भार निघताच सरकणारी गाठ ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक या गिर्यारोहकाने १९३१ साली प्रसिद्ध केली. फ्रान्समध्ये फेर्नां पेट्झल, पिएर शेव्हालिए आणि त्यांचे सोबती दां द क्रोल या डोंगराच्या गुहांत उतरत राहिले आणि १९४७ साली ६५८ मीटर खोलीपर्यंत पोहोचले. जर्मनीत १९५३ साली आत गाभा आणि बाहेर विणलेली साल असा दोर आला. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली दोरावर वर सरकणारी आणि खाली न घसरणारी ‘जुमार’ ही कळ निघाली. गुहेतला अंधार आणि डोंगराचा कडा यांनी शिकवलेली ही विद्या १९८० नंतर उत्तर समुद्रातील तेलविहिरींच्या फलाटांवर आली. खवळत्या समुद्रावर परांची बांधणे खर्चाचे आणि जोखमीचे होते. दोरावरचा माणूस ते काम थोड्या वेळात करू लागला.

पण गुहेतला माणूस बहुधा एकाच दोरावर चढे-उतरे. कारखान्यात शिरताना या विद्येने दुसरा दोर पत्करला, आणि आमच्या मते याच क्षणी खेळाचा धंदा झाला. एक दोर कामाचा, एक राखणीचा. दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले. कामाच्या दोरावरचे यंत्र मूठ सोडताच अडते. राखणीच्या दोरावरचे यंत्र माणसासोबत सरकते आणि हिसका बसताच दोर पकडते. दोर जेथे धारेवर घासेल तेथे वेष्टण घालतात. प्रत्येक हत्यार बांधलेले असते, कारण वरून सुटलेला पाना खालच्याचा जीव घेतो. कोणीही एकटा काम करीत नाही. पट्ट्यात निश्चल लोंबकळत राहणेही जिवावर बेतू शकते, म्हणून माणसाला खाली कसे आणायचे हे तो वर जाण्यापूर्वीच ठरलेले असते. युरोपीय संघाने २००१ साली आणि ब्रिटनने २००५ साली दोन दोरांचा हा दंडक कायद्यात घातला.

आपल्याकडेही १९९६ साली बांधकाम मजुरांसाठी कायदा झाला आणि त्याच्या व्याख्येत इमारतींची दुरुस्ती व देखभालही आली. तरी मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींकडे मान वर करून पाहावे. कोठे दोन दोर, पट्टा आणि टोप असलेले शिकलेले कामगार काचा पुसताना दिसतात. कोठे एका दोराला फळी बांधून, कठड्याच्या धारेवरून तो दोर खाली सोडून, रंगारी डबा घेऊन लोंबकळत असतो. खालून जाणारा म्हणतो, “काय धाडस आहे!” हे कौतुक आम्हांला घातक वाटते. त्या माणसाच्या अंगी धाडस आहेच. ते त्याच्याकडून फुकट घ्यावे, हा मात्र अन्याय आहे. धाडसाची वाहवा झाली की दुसऱ्या दोराचा खर्च कोणी विचारीत नाही.

लढवय्याने परतीचा दोर कापला तर त्याचे गाणे व्हावे. पण संध्याकाळी मजुरी घेऊन घरी जायचे असलेल्या माणसाचा परतीचा दोर शाबूत राहिला पाहिजे, आणि त्याच्या शेजारी दुसराही असला पाहिजे. पुढच्या वेळी घराच्या रंगाचा सौदा ठरवताना आपण दराबरोबर दोरही विचारावेत, इतकेच आमचे मागणे आहे.