चित्र लिहिणाऱ्या आज्या

संस्कृतमधील 'लिख्' या धातूचा मूळ अर्थ खरवडणे, रेघ ओढणे असा आहे. म्हणून जुन्या भाषेत अक्षर लिहिले जाते, तसे चित्रही 'लिहिले' जाते. मिथिलेतल्या बायका लग्नघराच्या भिंतीवर कोहबर काढत नाहीत, 'लिहितात'. पुढे शाळा आली, छापखाना आला, आणि लिहिणे हे क्रियापद अक्षरांच्या एकट्याच्या मालकीचे झाले. त्या दिवसापासून भिंतभर चित्र लिहिणारी बाई निरक्षर ठरली.

आजी-आजोबांनी लहान नातवंडाला मांडीवर घेऊन चित्रांचे पुस्तक दाखवावे ही कल्पना आपल्याकडे सुशिक्षित, मध्यमवर्गीय घराची मानली जाते. आजीला वाचता येत नसेल तर तिने गोष्टी सांगाव्यात, पुस्तक आईबापांनी वाचावे, अशी कामाची वाटणी आपण मनात करून टाकलेली असते. तारापूरपासून डहाणू-तलासरीपर्यंतच्या पट्ट्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही वाटणी टिकत नाही. या पट्ट्यात चित्र पुस्तकाच्या कितीतरी आधीपासून होते, आणि ते आज्यांच्या हाती होते.

वारली घरातले लग्न चौकाशिवाय लागत नाही. कुडाच्या भिंतीवर शेणमातीचा आणि गेरूचा हात फिरवायचा, आणि तांदळाच्या पिठात पाणी कालवून बांबूच्या काडीने त्यावर सवाशिणींनी चौक लिहायचा. मधोमध चौकटीत पालघट देवी, भोवती झाडे, पक्षी, घोडा, माणसे. लग्नाचे विधी चालविणारी, गाणी म्हणणारी धवलेरी ही बाईच. चित्र आणि शब्द अशा रीतीने दोन्ही बायकांकडे होते. चित्र जपून ठेवण्याचा प्रश्न नव्हता; ते चुलीच्या धुराने, पावसाच्या ओलीने पुसट होई आणि पुढच्या लग्नात नव्याने लिहिले जाई. घरातले मूल ते लिहिताना पाहत असे.

या चित्राची एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्याला सुरुवात नाही. डावीकडून उजवीकडे, वरून खाली असा वाचण्याचा क्रम नाही. तारप्याभोवतीच्या नाचाचा वेढा कुठूनही पाहायला लागावे. तीन वर्षांचे मूल पुस्तकाचे पान नेमके असेच पाहते. आपण पानाच्या नायकाकडे बोट दाखवत असतो आणि त्याचे बोट कोपऱ्यातल्या मुंगीवर असते. शाळेत शिकलेल्या माणसाला हे लक्ष भरकटणे वाटते. चौक पाहत वाढलेल्या बाईला तसे वाटण्याचे कारण नाही.

कागदाची कथा मात्र निराळी आहे. वारल्याच्या घरात कागद आला तो सावकाराच्या वहीच्या रूपाने. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी नवरा-बायकोने जमीनदाराकडे वर्षानुवर्षे राबायचे, या प्रकाराला 'लग्नगडी' म्हणत. मे १९४५ मध्ये झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार व लग्नगडी यांविरुद्धचा लढा सुरू झाला. गोदावरी परुळेकरांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक त्याची साक्ष आहे. चौक लिहून ज्या लग्नाला आरंभ व्हायचा त्याच लग्नाचे कर्ज वहीत लिहिले जायचे. एकच क्रियापद, पण पहिले लिहिणे बाईला वाचता येत होते आणि दुसऱ्याखाली तिच्या माणसाचा अंगठा होता. अशा समाजाला पुस्तक ही वस्तू सहज प्रेमाची वाटावी, अशी अपेक्षा करणेच चूक.

त्याच १९४५ साली, त्याच किनाऱ्यावर, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. लहानपणीच लग्न आणि वैधव्य पाहिलेल्या अनुताई पुढे जवळजवळ अर्धशतक, १९९२ साली निधन होईपर्यंत, या कामात राहिल्या. बोर्डीहून हे केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांमध्ये गेले. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून 'अंगणवाडी' आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी 'कुरणशाळा' आली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

अंगणात भरणाऱ्या शाळेचा एक परिणाम सहसा नोंदवला जात नाही. अंगणात आजी असते. आई-बाप शेतावर, वीटभट्टीवर किंवा गवत कापायला गेले की पाड्यावर उरतात म्हातारी माणसे आणि बाळे. शाळेची इमारत आजीला बाहेर ठेवते. अंगण तिचेच असते. तिथे मांडलेल्या खेळावर, चित्रावर तिची नजर पडणारच आणि ती बोलणारच.

इथे एक जुना वाद आठवावा लागतो. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. लहान मुलाला कल्पित गोष्टी सांगण्याविषयी त्या साशंक होत्या. मुलाने आधी खऱ्या जगातल्या वस्तू हाताळाव्यात, परीकथा नंतर, असे त्यांचे मत. भावनगरला १९२० साली बालमंदिर काढणारे गिजुभाई बधेका माँटेसरींचे मोठे चाहते, पण गोष्ट सोडायला ते तयार नव्हते. त्यांनी 'वार्तानुं शास्त्र' हा गोष्ट सांगण्यावरचा ग्रंथच लिहिला. ताराबाई १९२३ पासून सुमारे नऊ वर्षे गिजुभाईंच्या सोबत होत्या. त्यामुळे माँटेसरींची शिस्त त्यांच्याबरोबर महाराष्ट्रात आली, ती गुजराती गोष्टीवेल्हाळपणासह. कोसबादला महागड्या आयात साधनांऐवजी गोटे, बिया, पाने, शिंपले वापरले गेले ते बहुतेकांना ठाऊक असते. त्या साधनांइतकीच गोष्टही तिथल्या मुलाच्या आवाक्यातली होती, कारण ती घरचीच होती.

या उलट छापील पुस्तकातले चित्र. १६५८ साली कोमेनियसने 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठीचे सचित्र पुस्तक काढले. त्यात चित्रातल्या प्रत्येक वस्तूला आकडा, आणि शेजारी त्या आकड्याचे नाव. आपल्या अंकलिपीने हीच रीत उचलली. चित्र अक्षराची चाकरी करू लागले. ऐरणीचे चित्र ऐरण कळावी म्हणून नसते, 'ऐ' पाठ व्हावा म्हणून असते; आणि क्षत्रियाचे चित्र पाहून पाड्यावरच्या मुलाने काय ओळखावे हा प्रश्न कुणी विचारला नाही. अशा पुस्तकाजवळ आजीला जागा नव्हती. प्रत्येक चित्राला एकच बरोबर उत्तर होते, आणि तेही प्रमाण मराठीत. आजीने वारलीतले नाव उच्चारले तर नातवंड शाळेत चुकणार.

चित्राला धनी ठेवणारी परंपराही आपल्याकडे होती. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरत रामायण-महाभारतातल्या कथा गाऊन सांगत. त्या पोथीत पानभर चित्रच; कथा सांगणाऱ्याच्या तोंडी. म्हणजे पोथी एकच, पण दर वेळचे वाचन निराळे. मराठी बालपुस्तकाने हा धागा बराच काळ हाती घेतला नाही. मॉस्कोहून मराठीत येणारी स्वस्त, देखणी पुस्तके आणि नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके यांनी अनेक घरांत चित्रांची चव लावली. पण मोठ्या माणसाला आणि मुलाला एका पानावर बरोबरीने बसविणारी मराठी पुस्तके ठळकपणे दिसतात ती माधुरी पुरंदरे यांच्या कामात. त्यांच्या एका पुस्तकाचे नावच 'चित्रवाचन' आहे. चित्र 'वाचायचे' असते, हे त्या नावाने छापील मराठीत पुन्हा मान्य केले. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

वारली चित्राचा कागदावरचा प्रवास याच काळात झाला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणि रंग नेले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे त्यांतून पुढे आले. आई गेल्यावर लहानपणी ते बोलेनासे झाले होते आणि धुळीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. कागदावर आल्यावर चित्राला नाव, दाम आणि सही मिळाली. पण सही बहुतेक पुरुषांची. सवाशिणीचे विधिचित्र बाजारात आले तेव्हा ते लिहिणारी पिढी मागे भिंतीपाशी राहिली. हा लाभाचा हिशेब मांडताना ही घट वजा केलीच पाहिजे.

चेन्नईच्या 'तारा बुक्स'ने २००९ साली काढलेले 'डू!' हे वारली चित्रकारांचे पुस्तक या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. ते क्रियापदांचे पुस्तक आहे. एकेका क्रियेभोवती पानभर माणसे काही ना काही करत असतात, आणि चित्रकारांत पुरुषांच्या जोडीने बायकांचीही नावे आहेत. अंकलिपी नामांची असते, हे नावाला हे पुस्तक पाहूनच ध्यानात येते. वस्तूचे नाव एकच असते; तीन माणसे काय करताहेत याबद्दल मात्र आजी आणि नातवंड यांचे मतभेद होऊ शकतात. आणि मतभेद झाला की संभाषण सुरू होते.

हे सारे आज तारापूरच्या परिसरात का आठवावे? १९६९ मध्ये इथे देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. मागोमाग बोईसरची औद्योगिक वसाहत वाढली. अणुकेंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून कामगार आले. एका चाळीत आज भोजपुरी, मैथिली, ओडिया, मांगेली, वारली बोलणाऱ्या आज्या राहतात. त्यांची नातवंडे मराठी, हिंदी किंवा इंग्रजी शाळेत जातात. आजी आणि नातवंड यांची भाषा इतक्या झपाट्याने वेगळी होत जाण्याचा प्रसंग या किनाऱ्यावर पूर्वी क्वचितच आला असेल. मूल दुसरीत गेले की ते आजीपेक्षा 'जास्त' वाचते, आणि तिसरीत गेले की तिच्या बोलीला हसते. हा तुटण्याचा क्षण पुढे ढकलता आला तर ढकलावा.

चित्रपुस्तक ते काम करू शकते, पण काही पथ्ये पाळल्यास. 'हे काय आहे?' हा अंकलिपीचा प्रश्न आहे. तो कमी विचारावा. 'हा कुठे निघाला असेल?' हा चौकाचा आणि चित्रकथीचा प्रश्न आहे. तो अधिक विचारावा. मजकूर असला तरी पहिल्यांदा तो वाचू नये. मुलाचे बोट जिथे जाईल तिथून सुरुवात करावी. आजीने आपल्या बोलीत बोलावे, आणि घरातल्या शिकलेल्या माणसाने मध्ये शब्द सुधारू नयेत. हे शेवटचे पथ्य सर्वांत अवघड आहे, कारण शिकलेल्या माणसाला मदत केल्यावाचून राहवत नाही.

बालवाचनावरच्या आपल्या चर्चेत पालकांनी रोज किती पाने वाचून दाखवावीत हा मुद्दा नेहमी येतो. पान उलटायला अर्धा तास लावणारी, त्या अर्ध्या तासात कोपऱ्यातल्या कोंबडीवरून स्वतःच्या माहेरच्या कोंबड्यांपर्यंत जाऊन येणारी आजी त्या हिशेबात बसत नाही. अंगणवाडीच्या सेविकेने आठवड्यातून एकदा दोन चित्रपुस्तके अशा आजीच्या हाती द्यावीत आणि आपण बाजूला बसून ऐकावे, एवढे केले तरी कोसबाडची कल्पना पुढे जाईल. पुस्तकांवर तांदळाच्या पिठाचे हात लागतील. लागू द्यावेत.