महाविद्यालयातून अंगणात : कै. ताराबाई मोडक यांचे बालशिक्षणकार्य

प्रतिवर्षी आमच्या मंडळाच्या वार्षिक समारंभात शालान्त परीक्षेत यश मिळविलेल्या विद्यार्थ्यांचा गौरव होतो. नव्या पदवीधरांची नावे या स्मरणिकेत अभिमानाने छापली जातात आणि उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या जातात. हे सर्व उचितच आहे. परंतु मुलाच्या पहिल्या सहा वर्षांसाठी समाज म्हणून आम्ही काय केले, असा प्रश्न कोणी विचारला, तर आम्हांस खाली मान घालावी लागेल. कळसाच्या शोभेत रमलेल्या माणसाला पायाचा विसर पडावा, तसे आमचे झाले आहे. म्हणून यंदा अशा एका विदुषीचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, की जिने महाविद्यालयातील मानाचे स्थान सोडून आपले सारे आयुष्य या पायाच्या कामी वेचले. त्या कोणत्या ज्ञातीच्या, हा प्रश्न आम्ही येथे मुद्दामच विचारीत नाही. त्यांच्या कार्यानेच तो प्रश्न लहान करून ठेवला आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते असल्यामुळे घरातील वातावरण सुधारणेचे होते. स्त्रियांना साध्या अक्षरओळखीसाठीही झगडावे लागत होते, अशा त्या काळात, १९१४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी संपादन केली. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. तथापि सांसारिक जीवनात त्यांना पुढे एकटीनेच वाट काढावी लागली. पदरी लहान कन्या असता त्यांनी काठेवाडातील राजकोट येथे स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. अधिकार, वेतन आणि प्रतिष्ठा या तिन्ही दृष्टींनी ते स्थान त्या काळच्या सुशिक्षित स्त्रीला भूषणावह होते. आयुष्यभर तेथेच राहून त्या सुखाने निवृत्त झाल्या असत्या, तरी त्यांना कोणी नाव ठेविले नसते.

परंतु राजकोटपासून फार दूर नसलेल्या भावनगरात एक निराळाच प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका या वकिली करणाऱ्या गृहस्थांनी मॅडम माँटेसरींचे विचार वाचून १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले होते. मुलाला गप्प बसविणे म्हणजे शिस्त आणि पाठ करविणे म्हणजे विद्या, अशी ज्या काळी सार्वत्रिक समजूत होती, त्या काळी तेथे छडी नव्हती आणि भयही नव्हते. मुले स्वतः काम निवडीत, हात वापरीत, पडत, चुकत आणि चुकीतून शिकत. ताराबाईंना या प्रयोगाची ओढ लागली आणि प्राचार्यपद सोडून त्या भावनगरास गेल्या. मोठ्यांना शिकविणारी विदुषी तेथे लहानांपासून शिकण्यासाठी जमिनीवर बसली. १९२६ साली या उभयतांच्या प्रयत्नांतून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिके’च्या संपादनाद्वारे ताराबाईंनी बालशिक्षणाचा हा विचार मराठी घराघरांत पोहोचविण्याचा दीर्घकाळ प्रयत्न केला.

१९३६ साली मुंबईत दादर येथे ‘शिशुविहार’ उभा राहिला. तेथे बालकांबरोबरच शिक्षिकाही घडू लागल्या. मध्यमवर्गीय पालकांचा विश्वास बसला आणि कार्य स्थिरावले. तथापि ताराबाईंच्या मनात एक शल्य राहिले. माँटेसरी पद्धतीची साधने घोटीव, प्रमाणबद्ध आणि म्हणूनच महाग असत. वस्तुतः ही पद्धत रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत १९०७ साली जन्मली होती. आमच्या देशात मात्र ती शहरांतील सुखवस्तू घरांपुरती राहण्याचे भय निर्माण झाले होते. जी विद्या केवळ पैसा असणाऱ्याच्या मुलाला लाभते, तिला राष्ट्राचे शिक्षण कसे म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर त्यांनी व्याख्यानातून दिले नाही. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या तरुण शिक्षिकेची त्यांना आजन्म साथ लाभली. गावातील उपेक्षित वस्त्यांमधील मुले केंद्रात येत नाहीत, असे दिसताच या दोघींनी त्यांची वाट पाहणे सोडले. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना न्हाऊमाखू घालावे, नखे कापावीत, केस विंचरावेत आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू व्हावेत, असा तो क्रम होता. महागड्या साधनांची जागा शिंपल्यांनी, खड्यांनी, बियांनी, काड्यांनी आणि मातीने घेतली. लहानमोठे, जडहलके, खरखरीत व गुळगुळीत हे भेद शिंपलाही शिकवितो. त्यासाठी विलायती पेटी लागत नाही.

पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धात हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली समाजात गेले. तेथील अडचण निराळी होती. थोरली मुले गुरांमागे रानात जात आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे कामही मुलांकडेच असे. यावर ताराबाईंनी योजिलेला उपाय साधा आणि विलक्षण होता. गुरे चरतात तेथेच ‘कुरणशाळा’ भरू लागली. ‘विकासवाडी’त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आल्या, त्यामुळे धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता येऊ लागले.

सर्जनशीलता हा शब्द आज फार ऐकू येतो. ताराबाईंच्या कार्यातून तिचा जो अर्थ आम्हांस उमगला, तो असा : सर्जनशीलता ही बाहेरून आणून मुलाला देण्याची वस्तू नव्हे. ज्या वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने चित्रे रेखाटली जातात, तेथील मुलाला कला नाही असे कोण म्हणेल? शिक्षकाने त्या अंकुरावर पाय देऊ नये, आणि त्याला माती, पाणी व ऊन मिळेल एवढे पाहावे. ही अतिशय कठीण विद्या आहे, आणि म्हणूनच ताराबाईंनी बालकांइतकेच लक्ष शिक्षिका घडविण्याकडे दिले.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द गावोगावी पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण हा शालेय रचनेचा पायाच मानला. जे दोन स्त्रियांनी समुद्रकाठच्या एका गावी आरंभिले, ते सरकारी धोरणात उतरण्यास एवढी वर्षे लागली.

आता आमच्याविषयी. तिसऱ्या वर्षीच मुलाच्या हाती पेन्सिल देऊन त्याच्याकडून इंग्रजी अक्षरे गिरवून घेण्यात आज आम्हांस धन्यता वाटते. ते मातीत खेळले तर आम्ही रागावतो. ताराबाईंचे नाव घेण्यापूर्वी ही चूक आम्ही आपल्याच घरात सुधारली पाहिजे. दुसरे असे की, आमच्या मंडळाची वास्तू सकाळच्या वेळी रिकामी असते. तेथे एक बालवाडी सुरू व्हावी, तिच्यासाठी प्रशिक्षित शिक्षिकेला योग्य वेतन मिळावे आणि तिचे दार शेजारच्या प्रत्येक मुलासाठी, ज्ञात न विचारता, उघडे राहावे, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. ज्ञातीच्या निधीतून परक्यांच्या मुलांना का शिकवावे, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर एवढेच, की अंगणात खेळणाऱ्या मुलांना आपपर ठाऊक नसते, ते आम्हीच त्यांना शिकवितो. गौरवसमारंभाच्या यादीत एखाद्या वर्षी त्या बालवाडीच्या शिक्षिकेचे नाव पहिले यावे, हीच आमची इच्छा आहे.